लेखनसीमा : रुमाल, नोंदवही आणि संगणक

आपल्या ग्रंथालयाच्या जुन्या दाखल-नोंदवहीत पानाच्या उजव्या काठाशी 'शेरा' नावाचा एक अरुंद रकाना आहे. दाखल क्रमांक, दिनांक, ग्रंथाचे नाव, ग्रंथकार, पृष्ठे, किंमत हे सारे ओलांडून गेल्यावर उरलेल्या दोन बोटे जागेत तो बसविलेला आहे. 'जीर्ण', 'मुखपृष्ठ नाही', 'देणगी' एवढे शब्द त्यात सुखाने मावतात. परंतु एके ठिकाणी तत्कालीन ग्रंथपालांना एका हस्तलिखित पोथीविषयी बरेच काही सांगावयाचे होते. ती कोणत्या वाड्यावरून आली, मधली पाने कशी भिजली, शेवटचा अध्याय दुसऱ्या हातचा का वाटतो, हे सारे दोन बोटांत मावणे शक्य नव्हते. त्यांनी रकान्यात 'मागे पाहा, ३' एवढेच लिहिले आणि वहीच्या शेवटी कोऱ्या राहिलेल्या पानांवर '३' असा आकडा घालून सव्वा पानाचा मजकूर सुवाच्य अक्षरात उतरविला. वहीची ओळ बिघडली नाही आणि सांगावयाचे तेही राहून गेले नाही.

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने 'ग्रंथालय आणि संगणक' असा विषय सुचविला होता. संगणकाचे शास्त्र हा काही माझा प्रांत नव्हे. मी मराठीचा अध्यापक. तथापि पेडणे आणि डिचोली या दोन तालुक्यांतील जुन्या लोकांच्या आठवणी संग्रहित करण्याच्या एका कामात मला त्या यंत्राशी संबंध ठेवावा लागला आणि त्यात एक चूकही माझ्या संमतीने घडली. तिची हकीकत पुढे येईलच. त्या निमित्ताने एक गोष्ट ध्यानात आली. लोकांनी लिहिलेला दीर्घ मजकूर ठेवावा कोठे आणि तो पुरता ठेवला गेला हे ओळखावे कसे, हा प्रश्न संगणकाने निर्माण केलेला नाही. आपल्या कारकुनांनी, चिटणिसांनी आणि पोर्तुगीज अमलातील लेखनिकांनी तो आपापल्या परीने सोडविलेला होता.

मोडी कागदपत्रे हाताळलेल्यांना 'लेखनसीमा' हा शब्द परिचित आहे. पत्राचा मजकूर संपला की शेवटच्या शब्दाला लागूनच एक लहान शिक्का उठवीत, त्यावर हा शब्द असे. शिवछत्रपतींच्या पत्रांवर याच जागी 'मर्यादेयं विराजते' ही समाप्तिमुद्रा दिसते. लेखन येथे संपले, यापुढे एक अक्षर आढळल्यास ते आमचे नव्हे, असा त्याचा अर्थ. पोथ्यांच्या शेवटी दोन दंडांमध्ये काढलेला 'छ' हेच काम करीत असे. मजकूर मोठा असेल तेव्हा एका बंदाला दुसरा बंद डकवून कागद हवा तितका लांब करीत आणि महत्त्वाच्या कागदांवर सांध्याच्या पाठीमागे शिक्का उठवीत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा घातल्यास शिक्का तुटून दिसावा. येथे लक्षात घेण्यासारखी गोष्ट ही की, कागदाची लांबी मजकूर ठरवीत असे आणि मजकुराची सीमा लिहिणारा ठरवीत असे. कागदाने लिहिणाऱ्याला कधी अडविले नाही.

असे कागद घडी करून, कापडात बांधून ठेवीत, ते रुमाल. पुण्याच्या पेशवे दप्तरात हजारो रुमाल आहेत, रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यांतून निवडलेले कागद ४५ खंडांत प्रसिद्ध केले, हे वाचकांस विदित आहेच. रुमालाचा गुण असा की, त्यात आणखी एक कागद नेहमीच मावतो. त्याचा दोषही तोच. कागद वाढला तरी कळत नाही आणि कमी झाला तरी कळत नाही.

गोव्यात पोर्तुगीजांनी दुसरा मार्ग धरला. १५९५ साली त्यांनी येथे दप्तरखाना स्थापन केला आणि इतिहासकार दियोगु दु कोउतु यांची त्यावर नेमणूक केली. लिस्बनशी होणारा पत्रव्यवहार पावसाळी वाऱ्यांच्या हिशेबाने ये-जा करणाऱ्या जहाजांतून होई, म्हणून त्या पत्रांच्या बांधीव ग्रंथांना 'मोंसांव'चे, म्हणजे मोसमाचे ग्रंथ असेच नाव पडले. शेजारच्या राजांशी झालेल्या पत्रव्यवहाराची निराळी मालिका आहे. सावंतवाडीकर भोसले, कोल्हापूरकर, पेशवे यांच्याशी झालेली बोलणी तिच्यात सापडतात. डिचोली व सत्तरी हे महाल १७८१-८२ च्या सुमारास आणि पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. तेव्हा आमच्या दोन्ही तालुक्यांचा पूर्वेतिहास एका बाजूने वाडीच्या रुमालांत आणि दुसऱ्या बाजूने पणजीच्या बांधीव ग्रंथांत विभागलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या बांधीव वह्यांची एक शिस्त मला फार उद्बोधक वाटते. वही वापरात घेण्यापूर्वी पहिल्या पानावर ती कशासाठी आहे हे लिहीत आणि शेवटच्या पानावर तिच्यात एकूण पाने किती हे लिहून अधिकारी सही करी. मधल्या प्रत्येक पानावर क्रमांक आणि त्याच अधिकाऱ्याच्या सहीची आद्याक्षरे. मग वही कारकुनाच्या हाती जाई. म्हणजे लेखनसीमा आधी ठरे आणि लेखन मागाहून होई. आमच्याकडील पद्धतीच्या हे नेमके उलट. यात पान फाटले तर तत्काळ कळे, हा लाभ. परंतु वही भरली की मजकूर दुसऱ्या वहीत न्यावा लागे आणि ती वही कोणती, हे पहिलीत नोंदविण्याचे कोणी विसरला, तर संशोधकाची वर्षेच्या वर्षे त्यात जात. डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर यांनी या दप्तराची मार्गदर्शिका १९५५ साली प्रसिद्ध केली, तिचे मोल या दृष्टीने पाहावे. १८९४ साली सत्तरीतील पिसुर्ले या गावी जन्मलेल्या या माणसाने दप्तरखान्यात आयुष्य वेचले. पुणे विद्यापीठाने १९६७ साली प्रसिद्ध केलेला त्यांचा 'पोर्तुगेज-मराठे संबंध' हा ग्रंथ दोन्ही पद्धतींची कागदपत्रे एकाच मेजावर आणल्यामुळेच होऊ शकला. त्यांचा गाव पुढे खनिजासाठी खणला गेला. तो विषय पुन्हा येणार आहे.

दीर्घ मजकूर छापून काढला म्हणजे तो टिकला, अशी आपली एक समजूत असते. फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणाने ती खोटी ठरविली आहे. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ रोमन लिपीत १६१६ साली प्रथम छापला गेला आणि त्याच शतकात आणखी दोनदा छापला गेला. आज त्या तीन आवृत्त्यांपैकी एकाही आवृत्तीची प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ तरला तो भाविकांनी घरोघरी हाताने उतरून घेतलेल्या प्रतींमुळे. त्याच आधारे १९०७ मध्ये मंगळूरहून सालढाणा यांची आवृत्ती निघू शकली आणि देवनागरी लिपीतील एक हस्तलिखित लंडनमध्ये सापडले. पेडण्यातील पालये गावचे संतकवी सोहिरोबानाथ आंबिये यांची रचनाही गाणाऱ्यांच्या मुखी आणि उतरून घेणाऱ्यांच्या वह्यांतून आपल्यापर्यंत आली. विर्नोड्याच्या शासकीय महाविद्यालयाला आज त्यांचे नाव आहे. डिचोली तालुक्यात नार्वे येथे सप्तकोटेश्वराच्या मंदिरावर १६६८ सालचा शिवकालीन शिलालेख आहे. तो तीन शतके ऊनपाऊस सोसून उभा आहे, पण दगडाच्या रकान्यात फार थोडे मावते. ज्याला पुष्कळ सांगावयाचे आहे त्याला दगडाचा उपयोग नाही.

आता संगणकाकडे वळू. जनगणनेची माहिती मोजण्यासाठी हर्मन हॉलरिथ यांनी भोके पाडलेली कार्डे वापरली ती अमेरिकेत १८९० साली. १९२८ पासून आयबीएमच्या कार्डावर ८० उभे रकाने असत आणि एका रकान्यात एक अक्षर. माणसाचे नाव, वय, गाव, व्यवसाय, जे काही असेल ते ८० अक्षरांत बसवावयाचे. या कार्डाने यंत्रांना एक सवय लावली. प्रत्येक गोष्टीला आधीच जागा नेमून द्यावयाची, आणि गोष्ट त्याहून मोठी निघाली तर दोष गोष्टीचा! १९७० साली एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या स्वरूपात ठेवण्याची तर्कशुद्ध पद्धत मांडली, तिच्यावर आजचे बहुतेक सर्व डेटाबेस उभे आहेत. तक्ता म्हणजे आपली दाखल-नोंदवहीच होय. आडवी ओळ एका वस्तूची, उभा रकाना एका गुणाचा. आरंभीच्या काळात रकान्याला तीस अक्षरे नेमली तर 'पेडणे' लिहिले तरी तीसच अक्षरांची जागा अडत असे. पुढे लागेल तेवढीच जागा घेणारा रकाना आला, पण त्यालाही कमाल मर्यादा असे. 'मायएसक्यूएल' या जगभर फुकट मिळणाऱ्या व म्हणूनच लहान संस्थांत फार वापरल्या गेलेल्या डेटाबेसमध्ये ही मर्यादा २००५ पर्यंत २५५ होती. पुस्तकाच्या नावाला ती पुरे, पण आजीच्या आठवणीला नव्हे.

दीर्घ मजकुरासाठी मग वेगळा प्रकार काढावा लागला. जिम स्टार्की या अभियंत्याने अशा अवाढव्य, आतून कसलाही आकार नसलेल्या मजकुराला 'ब्लॉब' हे नाव दिले; एका जुन्या चित्रपटात समोर येईल ते गिळत फुगत जाणारा जो गोळा आहे, त्याचे ते नाव. शास्त्रज्ञ नावे ठेवताना इतके विनोदी असतात, हे मला ठाऊक नव्हते. पण खरी मौज आहे ती हा गोळा ठेवण्याच्या युक्तीत. 'पोस्टग्रेस' नावाचा दुसरा एक प्रसिद्ध डेटाबेस घ्या. तो आपली माहिती ८ किलोबाइटच्या पानांत ठेवतो आणि एक ओळ एका पानाबाहेर जाऊ देत नाही. २००१ पूर्वी याचा अर्थ असा होता की, याहून मोठा लेख त्यात ठेवताच येत नसे. त्या वर्षी त्यांनी नवी व्यवस्था केली. ओळ सुमारे दोन किलोबाइटच्या पलीकडे जाऊ लागली की, यंत्र प्रथम मजकूर दाबून लहान करून पाहते. तरीही मावला नाही तर त्याचे तुकडे करून, प्रत्येकाला अनुक्रमांक देऊन, ते एका निराळ्या तक्त्यात नेऊन ठेवते आणि मूळ ओळीत फक्त खूण ठेवते. वाचणाऱ्याने मागणी करताच खुणेवरून तुकडे शोधून, क्रमाने जोडून मजकूर सलग समोर येतो. 'मागे पाहा, ३'! आपल्या ग्रंथपालांनी टाकाच्या टोकाने हेच केले होते आणि तेही कोणी न शिकविता.

या व्यवस्थेचा एक फायदा सहज लक्षात येत नाही. ग्रंथालयात रोज शंभर वेळा विचारले जाते ते अमुक पुस्तक आहे काय, एवढेच. त्यासाठी वहीच्या ओळी भराभर चाळाव्या लागतात. त्या ओळींच्या मध्येच सव्वा सव्वा पानाचे शेरे भरलेले असते तर चाळणारा थकून गेला असता. लांब मजकूर मागे नेऊन ठेवला म्हणजे पुढची वही आटोपशीर राहते. विकिपीडियासारख्या, हजारो लोकांनी लिहिलेल्या कोशातही कोणी, केव्हा, कोणत्या लेखात बदल केला याची नोंद एका तक्त्यात आणि लेखाचा प्रत्यक्ष मजकूर दुसऱ्या तक्त्यात असतो. गोवा विद्यापीठाने आपल्या कोंकणी विश्वकोशाचे चारही खंड २०१३ साली सर्वांना मुक्तपणे वापरण्यास खुले केले, तेव्हा तो मजकूर याच प्रकारच्या कोठारात उतरविण्याचे काम गोव्यातील विद्यार्थ्यांनी अंगावर घेतले होते. मराठी की कोंकणी, या वादात आमच्या पिढीची बरीच शक्ती खर्च झाली. देवनागरी मजकूर यंत्रात पुरता कसा उतरावा, ही अडचण मात्र दोघींची एकच आहे.

ती अडचण काय, हे जरा विस्ताराने सांगितले पाहिजे. यंत्र जागा मोजते ती बाइटमध्ये. इंग्रजीचे एक अक्षर एका बाइटमध्ये बसते. भारतीय लिप्यांसाठी आपल्या देशात 'इस्की' नावाची संकेतपद्धती झाली व १९९१ मध्ये तिला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला. तिच्यात देवनागरीची प्रत्येक खूणही एकाच बाइटची होती. त्याच सुमारास जगातील सर्व लिप्यांना सामावून घेणारा युनिकोड आला आणि त्यातील देवनागरीची मांडणी इस्कीवरूनच घेतली गेली. पण युनिकोड साठविण्याची आज सर्वत्र रूढ असलेली 'यूटीएफ-८' ही पद्धत १९९२ साली निघाली, तिच्यात देवनागरीच्या एका खुणेला तीन बाइट लागतात. शिवाय आपण ज्याला एक अक्षर म्हणतो ते यंत्राच्या दृष्टीने एक नसते. 'ग्रंथालय' या शब्दात डोळ्यांना चार अक्षरे दिसतात. यंत्र त्यात ग, हलन्ताची खूण, र, अनुस्वार, थ, काना, ल, य अशा आठ खुणा मोजते आणि चोवीस बाइट जागा देते. इंग्रजीतील 'लायब्ररी' सात बाइटमध्ये आटोपते.

मायएसक्यूएलमध्ये दीर्घ मजकुरासाठी जो सर्वसाधारण रकाना असतो त्याची मर्यादा ६५,५३५ बाइट आहे. इंग्रजी लिहिणाऱ्याला ती एका लहान पुस्तिकेएवढी भासते. मराठीच्या हिशेबाने भागाकार केला तर २१,८४५ खुणा, म्हणजे सुमारे तीन-साडेतीन हजार शब्द होतात. प्रस्तुत लेख त्यात मावेल. एखाद्या वृद्ध शेतकऱ्याची दोन दुपारी चाललेली आठवण मावेलच असे नाही.

२००९ च्या सुमारास आमच्या काही विद्यार्थ्यांना घेऊन आम्ही या आठवणी लिहून घेण्यास आरंभ केला. पेडण्याकडे मोपाच्या सड्यावरील गुरेचराई, तेरेखोलच्या काठची मिठागरे आणि खाजने, मुक्तीपूर्वीच्या मराठी शाळा. डिचोलीकडे पहिल्या खाणी, माल वाहणारी गलबते, खाणींच्या मातीने भरून गेलेली शेते, असे विषय होते. त्या वेळी गावोगावी खाणींचे ट्रक धावत होते. २०१२ मध्ये खाणी बंद पडतील, किंवा २०२२ च्या अखेरीस मोपाला विमानतळाचे उद्घाटन होईल, हे कोणाच्या मनात तेव्हा नव्हते. पण सांगणारी पिढी फार दिवस राहणार नाही, एवढे दिसत होते. विद्यार्थी वहीत लिहून घेत आणि मग संगणकावर टंकलिखित करीत. त्यासाठीची आज्ञावली एका ओळखीच्या तंत्रज्ञाने करून दिली होती. माणूस हुशार होता, पण त्याने ती इंग्रजी मजकूर घालून तपासली आणि आम्हीही चार ओळी मराठी लिहून, दिसते आहे ना, एवढेच पाहिले.

वह्या दोन पावसाळे एका कपाटात होत्या. त्यांना कसर लागली. काम पुरे झाले आहे, आता ही अडगळ कशाला, असा प्रश्न निघाला तेव्हा त्या काढून टाकण्यास मी संमती दिली. आयुष्यभर विद्यार्थ्यांना मूळ साधनांचे महत्त्व सांगणाऱ्या माणसाने ही संमती दिली, हे येथे नोंदवून ठेवणे मला आवश्यक वाटते.

पुढे एका लेखासाठी मी त्या आठवणी क्रमाने वाचीत असता डिचोली तालुक्यातील एका वृद्ध बाईंचे कथन वाचनात आले. सासरी आल्यापासून वायंगणाची लावणी, बांधावरची भांडणे, खाण सुरू झाल्यावर विहिरीचे पाणी कसे खाली गेले, पहिल्या पावसात तांबडी माती वाहून कशी आली, हे सारे त्यांनी ओघवत्या बोलीत सांगितले होते. मोबदल्याचे बोलणे करण्यासाठी घरी माणसे आली, येथपर्यंत कथन येते आणि शेवटची ओळ अशी आहे: 'मग मी त्यांना सांगितले की, आमच्'.

पुढे काहीच नाही. तिला विराम नाही, पूर्णविराम नाही. यंत्राने कोठलीही तक्रार नोंदविली नव्हती. पासष्ट हजार पाचशे पस्तीस बाइट भरताच त्याने उरलेला मजकूर मुकाट्याने टाकून दिला होता. त्या डेटाबेसची तेव्हाची रीतच तशी होती. मर्यादेबाहेरचा मजकूर न कापता नाकारावा, ही कडक शिस्त त्यात मूळची म्हणून आली ती २०१५ पासून. मी भाषेचा माणूस. मी त्या अर्ध्या च् पाशी बराच वेळ बसून राहिलो. हलन्त आहे, म्हणजे पुढे बहुधा य. 'आमच्या' असणार. 'आमच्या' हे सामान्यरूपाबरोबर येणारे रूप, म्हणजे पुढचे नाम बहुधा विभक्तीत किंवा शब्दयोगी अव्ययासह असणार. आमच्या शेतात, आमच्या विहिरीला, आमच्या मुलांनी. व्याकरण माणसाला येथवर आणून सोडते. त्या बाई तोवर वारल्या होत्या. लिहून घेणारी विद्यार्थिनी लग्न होऊन परगावी गेली होती. तिला एवढेच आठवत होते की, ते शेवटचे सांगताना आजी हसल्या होत्या.

आम्ही मग सर्व नोंदी तपासल्या. नऊ कथने तुटलेली निघाली. ती शोधून काढणेही वाटते तितके सोपे नव्हते, कारण पुष्कळ माणसे बोलणे असेच अर्धवट सोडतात आणि मजकूर तुटला की सांगणाराच थांबला, हे शेवटच्या वाक्यावरून नेहमी ठरविता येत नाही. नऊपैकी पाच जण हयात होते. त्यांच्याकडे पुन्हा गेलो. चौघांनी आनंदाने पुन्हा सांगितले, पण तीच हकीकत नव्हे. आठवण दुसऱ्यांदा सांगितली की ती दुसरी होते. पाचवे म्हणाले, एकदा सांगितले ना, ते पुरे.

येथे लेखनसीमेची आठवण झाली. आता या संग्रहात प्रत्येक कथनाच्या शेवटी, सांगणारा थांबला हे नक्की झाल्यावर, लिहून घेणारा दोन दंडांमध्ये 'छ' टंकतो. ज्या नोंदीच्या अखेरीस ही खूण नाही, ती नोंद अपुरी. अशा सर्व नोंदी यंत्राकडून क्षणात काढून घेता येतात. रकानाही बदलून घेतला. त्याच डेटाबेसमध्ये चार गिगाबाइटपर्यंत मजकूर घेणारा रकाना पहिल्यापासून उपलब्ध होता, तो निवडण्याचे कोणाला सुचले नव्हते इतकेच. याखेरीज मजकूर आत घालताना त्याची लांबी मोजून ठेवावी आणि आत गेल्यावर पुन्हा मोजावी, ही युक्ती एका विद्यार्थ्याने सुचविली. पोर्तुगीज अधिकारी वहीच्या शेवटी पाने मोजून सही करीत असत, त्याचाच हा अवतार.

मजकूर पुरता ठेवला तरी तो सापडला पाहिजे, हा आणखी एक प्रश्न. त्याविषयी थोडक्यात सांगतो. दीर्घ मजकुरात शोध घेण्यासाठी यंत्र प्रत्येक शब्दाची सूची करते, पुस्तकाच्या शेवटी असते तशी. पण 'पेडणे' शोधणाऱ्याला 'पेडण्यात', 'पेडण्याहून', 'पेडणेकर' ही रूपे त्या सूचीत आपोआप मिळत नाहीत. इंग्रजीच्या मानाने आपले नाम प्रत्ययासाठी फार वाकते. १९६२ च्या लेखनविषयक नियमांपूर्वीचा मजकूर असेल तर 'केलें', 'गेलें' असे अनुस्वार आहेत आणि ते टंकताना गाळावे की ठेवावे, हा वाद टंकलेखनाच्या प्रत्येक बैठकीत होतो. मी ठेवण्याच्या पक्षाचा आहे. आणखी एक सूक्ष्म गोष्ट अशी की, 'ॲ' या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान २००८ मध्ये मिळाले. त्यापूर्वी ते अ आणि चंद्र अशा दोन खुणांनी लिहीत असत. डोळ्यांना दोन्ही सारखी, यंत्राला दोन्ही निराळी. त्यामुळे एकाच वकिलाची नोंद दोन ठिकाणी पडते आणि एक सापडली की दुसरी शोधण्याचे कोणाला कारण उरत नाही.

त्याही आधीची गंमत अशी. १९९० च्या दशकात आमच्या महाविद्यालयाच्या नियतकालिकाचा मजकूर ज्या प्रकारच्या टंकांत तयार होई, त्यांत संगणकाच्या दृष्टीने इंग्रजी अक्षरेच असत, त्यांवर चित्र मात्र देवनागरीचे. तो टंक नाहीसा झाला की, उरते ती अर्थहीन रोमन अक्षरांची रास. त्या काळच्या चकत्या माझ्याजवळ आहेत आणि छापील अंकही आहेत. वाचता येतात ते अंक.

आपल्या ग्रंथालयाची दाखल-नोंदवही आता संगणकात उतरविण्याचे घाटत आहे. कार्यवाहांनी मला विचारले तेव्हा मी दोन विनंत्या केल्या. 'शेरा' या रकान्याला सर्वांत मोठी जागा द्यावी आणि मागच्या कोऱ्या पानांवरील मजकूरही ओळीशी जोडून घ्यावा. आणि उतरवून झाल्यावर मूळ वही टाकू नये. दोन्ही मान्य झाल्या आहेत. वहीसाठी कापडाचा रुमाल शिवून घेतला आहे.

त्या आजींचे कथन संग्रहात जसेच्या तसे ठेवले आहे. अखेरचा शब्द आम्ही पुरा केलेला नाही आणि तेथे 'छ' घातलेला नाही. त्या नोंदीच्या शेऱ्यात इतकेच लिहिले आहे: 'पुढील मजकूर संग्राहकांच्या चुकीने नष्ट. सांगताना हसल्या होत्या, असे लिहून घेणारीचे स्मरण.'